आधी नकाशा, मग ॲडव्हान्स

आमचा मूळ धंदा लग्नाच्या फोटोंचा. मानेवाडा रोडवर वडिलांचा स्टुडिओ होता. वर्षभर पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन, हंगामात लग्नं. ड्रोन दुकानात आला तो गिऱ्हाइकांच्या हट्टापायी. वरात लॉनवर पोचतानाचा वरून घेतलेला शॉट नसेल, तर लोक दुसऱ्या फोटोग्राफरकडे जायला लागले. तेव्हा मशीन ज्याच्या हातात, तो पायलट असा कारभार होता. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले आणि काय चालतं, काय नाही, हे आमच्यासारख्यांना समजेल इतपत सोपं झालं.

नागपुरात खरी अडचण जागेची आहे. सोनेगावचा विमानतळ वस्तीला अगदी खेटून. त्याच्या हद्दीपासून बारा किलोमीटरच्या पलीकडे, हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फूट. त्याच्या आत पिवळा झोन, म्हणजे एटीसीची (विमानतळाच्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची) परवानगी हवी. लाल झोनसाठी थेट केंद्र सरकारची. आता वर्धा रोडवरची लॉनं बघा, बरीचशी विमानतळाच्या शेजारालाच. शिवाय वायुसेनेचा मेंटेनन्स कमांड, लष्कराच्या ताब्यातला सीताबर्डीचा किल्ला आणि अंबाझरीची आयुध निर्माणी याच शहरात. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की पोलिसांचा काही मनाई आदेश आहे का, तेही बघावं लागतं.

म्हणून आमच्याकडे ऑर्डर आली की ॲडव्हान्स घेण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघतो. यात कामं जातात, भरपूर जातात. एका वधूपित्याने मला सुनावलं होतं, "भाऊ, बाजूच्या लॉनवर तर बिनधास्त उडवून राहिले न जी!" मी म्हटलं, "उडवत असतील काका. त्यांच्या मशीनचा नोंदणी नंबर आणि विम्याचा कागद तेवढा मागून बघा." काका चिडले. पण पुढे त्यांच्याच साडूने उमरेड रोडवरच्या लेआउटचं काम आम्हाला दिलं.

तिथून धंद्याने वळण घेतलं. लेआउटचे प्लॉट, बांधकामाची दरमहा प्रगती, बुटीबोरीतल्या कारखान्यांची छपरं, काटोलकडच्या संत्र्याच्या बागा. गर्दी नसते, वेळ मिळतो आणि वरचं आकाशही बहुतेक ठिकाणी परवानगीच्या कटकटीशिवाय मोकळं असतं. २५० ग्रॅमवरच्या मशीनने पैसे घेऊन काम करायचं, तर रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतंच. वय अठराच्या वर आणि दहावी पास असलं की डीजीसीएने (केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या संस्थेतून ते मिळतं, दहा वर्षं चालतं. आमच्याकडे ते माझ्याकडे आणि भाचीकडे आहे. भाची माझ्यापेक्षा चांगली उडवते, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

नवीन पोरगा आला की त्याला हिंगण्याकडच्या मोकळ्या माळावर नेतो. पहिले काही दिवस स्क्रीन झाकून ठेवायची, नजर फक्त ड्रोनवर. मशीनचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्याची सगळी घाबरगुंडी तिथेच उडते. हात बसेपर्यंत कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही. दुसरा धडा 'रिटर्न टू होम'चा, म्हणजे मशीन आपोआप टेकऑफच्या जागी परत येतं त्या सोयीचा. या परतीची उंची आजूबाजूच्या टॉवरपेक्षा, झाडांपेक्षा जास्त ठेवायची. ती कमी असली, तर सिग्नल तुटल्यावर मशीन इमानदारीत परत येतं आणि वाटेतल्या होर्डिंगवर आदळतं. गच्चीवरून उडवताना स्लॅबमधल्या सळयांनी कंपास भरकटतो, म्हणून टेकऑफ शक्यतो जमिनीवरूनच, पॅड अंथरून. नाहीतर आपली धूळ मोटरीत. वारा असेल तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे बॅटरी उतरत आल्यावर परतीला वारा पाठीशी असतो.

उन्हाळ्याचं तर वेगळंच प्रकरण. आपण वापरतो त्यातल्या बहुतेक मशीनना कंपनीने कमाल ४० अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे. बॅटऱ्या थंड पेटीत ठेवतो, पण बर्फाला टेकू देत नाही, ओल धरते. एखादी जराशी फुगलेली दिसली की बाद. ती पुन्हा चार्जला लावायला निघालेल्या पोराला मी ओरडतो. काम सकाळी लवकर, नाहीतर ऊन उतरल्यावर. दुपारी चहा.

घारींचा त्रास भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या बाजूला. घार अंगावर आली तर खाली पळायचं नाही, सरळ वर चढवायचं. उभ्या चढाईत ती मागे पडते. संक्रांतीच्या आसपास मात्र शहरात उडवणं आम्ही बंद ठेवतो. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो आकाशात असतोच, आणि मोटरीत गुंतला की मशीन दगडासारखं खाली येतं.

फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे पुढचं मशीन देशी घेणार आहोत. त्याचा हप्ता लेआउटच्या कामांतून निघेल असा हिशेब आहे. यंदापासून कोटेशनमध्ये एक अट घातली आहे: वारा जास्त असला तर उड्डाण नाही, दुसरा दिवस बिनपैशाने देऊ. भाचीचं म्हणणं, लग्नाच्या फॉर्मवर आणखी एक रकाना हवाच, वरातीत रॉकेटं उडवणार आहात का?