नांगर टाकला म्हणजे नक्की काय केलं?

शेतातला आणि जहाजावरचा, दोन्ही नांगरांना मराठीत एकच शब्द आहे आणि तो अगदी नेमका आहे. दोघांचं काम जमिनीत शिरायचं. जहाज नांगराच्या वजनाने जागेवर राहतं हा समज सर्रास आढळतो, पण बहुतेक नांगरांचं वजन लागतं ते तळाशी जाऊन फाळ रुतायला सुरुवात व्हावी एवढ्यापुरतंच. पुढची पकड फाळ किती खोल गेला आणि ओढ किती आडवी आहे यावर ठरते. १९३३ साली जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तर छोट्या बोटींसाठी चक्क शेतातल्या फाळासारखा नांगर बनवला.

ओढ आडवी राहावी म्हणून साखळी लांब सोडायची. छोट्या बोटीचा हिशेब असा: शांत हवेत खोलीच्या पाचपट साखळी, वारा वाढला की सातपट किंवा जास्त. साखळीऐवजी दोर असेल तर एरवीही सातपट. चूक होते ती खोली धरताना. समजा ओहोटीला पाणी ६ मीटर आहे, भरतीला ३ मीटर चढेल आणि बोटीचं पुढचं टोक पाण्यापासून १ मीटर उंच आहे. खोली धरायची १० मीटर, साखळी ५० मीटर. ६ मीटरच बघून ३० मीटर सोडली तर भरतीला साखळी ताठते, दांडा वर उचलला जातो आणि फाळ सुटतो.

टाकताना बोटीचं तोंड वाऱ्याकडे करून थांबायचं. बोट मागे सरू लागली की नांगर हळूहळू खाली सोडायचा आणि बोट मागे जाईल तशी साखळी द्यायची. एकदम सोडलेल्या साखळीचा ढीग नांगरावरच पडतो आणि फाळ तिच्यात अडकतो. शेवटी इंजिन हळू मागे चालवून फाळ रुतवायचा. किनाऱ्यावरच्या एका रेषेत दिसणाऱ्या दोन खुणा हेरून ठेवाव्यात. त्या एकमेकींपासून सरकत राहिल्या तर नांगर घसरतोय. चिखल आणि वाळू पकड चांगली देतात. खडकात नांगर एकतर धरत नाही, नाहीतर अडकून बसतो.

धक्क्याला दोरखंडांनी बांधलेल्या जहाजालाही बातम्यांत ‘नांगरलेलं’ म्हणतात. ते खटकतं. ते जहाज धक्क्याला लागलेलं असतं.

नांगर उचलताना आधी बोट साखळीच्या दिशेने पुढे न्यायची, साखळी उभी होईपर्यंत आत घ्यायची आणि मग सरळ वर ओढायचं. आडव्या ओढीला दाद न देणारा फाळ उभ्या ओढीला सुटतो.