लाल अंबाडी अपडेट: भाजी झाली, जॅम झाला, आता दोरी वळणं चालू आहे

नाशिकला थंडी आता चांगलीच पडलीये आणि गच्चीवरची अंबाडी जवळजवळ संपत आलीये, म्हणून जूनपासूनचं सगळं एकदाच लिहून टाकते. ज्यांना पुढच्या पावसाळ्यात लावायचीये त्यांना उपयोग होईल. माझं एकच म्हणणं आहे, बी टाकतानाच ठरवा की या झाडाकडून बोंडं हवीत की वाख (दोरीसाठी सालीचा धागा) हवाय, कारण दोन्हीसाठी झाड वेगळं वाढवावं लागतं.

मृगाचा पहिला बरा पाऊस झाल्यावर बी टाकलं. बोंडांसाठीची रोपं मोठ्या ग्रो बॅगमध्ये एकेकटी लावली आणि फूटभर झाल्यावर शेंडे खुडले, म्हणजे फांद्या फुटतात आणि जितक्या फांद्या तितकी बोंडं. वाखासाठी मात्र पत्र्याच्या जुन्या टाकीत बी दाट फेकलं आणि शेंडा अजिबात खुडला नाही. दाटीत रोपं उजेडासाठी सरळ वर जातात, फांद्या फुटत नाहीत, त्यामुळे सालीचा धागा लांबच्या लांब सलग मिळतो, शेतातही दोरासाठी अशीच दाट पेरतात.

खुडलेले शेंडे फुकट नाही गेले. श्रावणभर भाजी चालू होती. पानं उकडून आंबट पाणी थोडं काढून टाकायचं, शिजवलेली तूरडाळ, ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे, हिरवी मिरची, गुळाचा खडा घालून घोटायचं आणि वरून लसणाची फोडणी, तेल सढळ हाताने, त्यात काटकसर केली की या भाजीला मजाच नाही. सोबत ज्वारीची भाकरी.

सप्टेंबरपर्यंत नुसती उंची वाढते आणि माणूस घाबरतो की बोंडं लागणार की नाही. लागतात. ही दिवस लहान झाल्यावर फुलणारी झाडं आहेत, दिवस साधारण बारा तासांवर आला की कळ्या धरतात, आपल्याकडे ते सप्टेंबरच्या शेवटी होतं. रस्त्याच्या लाइटचा उजेड ज्या बॅगांवर रात्रभर पडतो त्या झाडांना फुलं चांगलीच उशिरा आली, कारण त्यांची रात्र मोडते. गच्चीवर लाइट असेल तर झाडं अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, हे खत-पाण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पिठ्या ढेकूण (मिलीबग) आला होता, निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याने आटोक्यात राहिला.

फूल एकच दिवस टिकतं, पिवळसर आणि मध्ये गडद लाल, इतकं सुंदर की तोडवत नाही. आपल्याला खायचा असतो तो फूल गळल्यावर फुगणारा लाल मांसल भाग. फूल गळल्यापासून साधारण तीन आठवड्यांत तोडायचं, बोटाने सहज मोडतंय तोवरच, नंतर ते चिवट होतं. बी असलेली हिरवी बोंडी काढायला स्टीलची छोटी पोकळ नळी घ्या, देठाकडून दाबली की बोंडी दुसऱ्या बाजूने बाहेर. हातात उरतो तो लाल मांसल भाग, त्यालाच मी खाली पाकळ्या म्हणतेय.

या हिरव्या बोंड्या फेकू नका!! जॅम घट्ट होण्यासाठी लागणारं पेक्टिन त्यांच्यात असतं. मी त्या पाण्यात वीसेक मिनिटं उकळते, पाणी जरा बुळबुळीत झालं की गाळून त्याच पाण्यात अर्धा किलो लाल पाकळ्या शिजवते, मऊ झाल्या की ४०० ग्रॅम साखर, आणि थंड ताटलीवर थेंब टाकून बघते, ओघळला नाही की गॅस बंद. बाहेरचं काही घालावं लागत नाही. भांडं स्टीलचंच घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको, आंबट पदार्थ आहे.

सरबताला अर्धा किलो पाकळ्या, लिटरभर पाणी, दहा मिनिटं उकळून गाळायचं, पाऊण किलो साखर, वेलची, पिताना काळं मीठ. आणि चटणी, खरं तर मला सगळ्यात प्रिय: पाकळ्या तेलात परतायच्या, लसूण, सुक्या मिरच्या, जिरं, भाजलेले तीळ, गूळ, मीठ, आणि पाट्यावर वाटायचं, मिक्सरमध्ये पार गुळगुळीत होते ते मला आवडत नाही. उरलेल्या पाकळ्या वाळवल्यात, दहा किलो ओल्याचे किलोभर सुके होतात असा हिशोब धरा.

आता वाख. दाट लावलेली झाडं ऑक्टोबरमध्ये कळ्या धरल्यावर लगेच कापली, कारण तेव्हाचा धागा मऊ असतो, बी धरल्यावर तो जाड आणि भरड होतो. पानं काढून जुड्या बांधल्या आणि ड्रमच्या पाण्यात वर दगड ठेवून बुडवल्या. पाण्यातले जिवाणू साल आणि काडी यांना धरून ठेवणारा चिकटा खातात, मग साल आपोआप सुटते. वास येतो, भरपूर येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये पाणी कोमट राहतं म्हणून दहा-बारा दिवसांत काम झालं. बोंडं काढून झाल्यावर उरलेले खोडही डिसेंबरमध्ये भिजवलेत, पण या थंडीत जिवाणूंचा वेगच मंदावतो, साल अजून घट्ट आहे. ड्रमला काळं प्लास्टिक गुंडाळून दिवसभर उन्हात ठेवलाय.

पहिल्या लॉटचा वाख धुऊन सावलीत वाळवला, रंग पांढरट सोनेरी आला. दोरी वळायला सासूबाई शिकवतायत, त्या सिन्नरकडच्या, त्यांच्या माहेरी पोळ्याच्या आधी बैलांची दावी, वेसणी घरीच वळायचे. "पीळ दोन्ही पेडांना एकाच बाजूने दे गं, आणि एकमेकांवर उलटा चढव, मग सुटत नाही," असं त्या म्हणतात आणि मांडीवर तळहात फिरवून भराभर वळतात. माझी दोरी अजून कुठे जाड कुठे बारीक येते, पण वजन छान पेलते. तिची दोन शिंकी केलीत, दूध-दह्याला टांगायची तशीच, फक्त आत कुंडी. एकात मनीप्लांट आहे, दुसऱ्यात पुदिना. पावसात भिजून दोरी कुजू शकते म्हणून दोन्ही गॅलरीत आत टांगलीत.

साल काढल्यावर उरलेल्या पांढऱ्या काड्या एकदम हलक्या असतात, त्या वाटाण्याच्या वेलांना आधाराला लावल्या.

बी भरपूर धरलंय, नाशिकमध्ये कोणाला हवं असेल तर सांगा. आणि ज्यांच्याकडे घायपाताच्या पानांचा वाख काढतात त्यांनी एक सांगा, तुम्ही वळायच्या आधी धागा विंचरता का, आणि कशाने?