सकाळची कुठं घेतली?

मी व्यसनमुक्ती केंद्रात पिअर एज्युकेटर आहे, म्हणजे स्वतः दारूतून बाहेर आलेला आणि आता त्याच कामाचा पगार घेणारा. सरकारी अनुदानाच्या केंद्रांत ही पोस्ट असते, तरी निम्म्या स्टाफला आम्ही वॉर्डबॉयच वाटतो. पुण्याचं मुक्तांगण १९८६ ला सुरू झालं, तिथं बरे झालेले पेशंटच पुढं समुपदेशक झाले, पण बाकी ठिकाणी अजून हे पचत नाही.

मागच्या महिन्यात एक गवंडी ॲडमिट झाला, रोज एक खंबा पिणारा. बायको म्हणाली तीन दिवस थेंब नाही, घरात कोंडून ठेवला होता, तोही मान हलवत होता. डॉक्टरांनी तिथूनच हिशोब धरला, कारण शेवटच्या घोटानंतर साधारण ४८ ते ७२ तासांत डीटीचा, म्हणजे दारू तुटल्यावर येणाऱ्या जीवघेण्या भ्रमाचा आणि थरथरीचा, धोका सगळ्यात जास्त, तो टळत आला म्हणून गोळ्या कमी लिहायला घेतल्या. माझं लक्ष त्याच्या हाताकडं. काठोकाठ भरलेली बशी त्यानं न सांडता ओठाला लावली! एवढा पिणारा तिसऱ्या दिवशी औषधाविना कपसुद्धा धरू शकत नाही, आणि तोंडात वेलदोडा.

सामान तपासायच्या निमित्तानं बाजूला घेतला. घेतली का विचारलं की नाहीच म्हणतात, म्हणून विचारलं, "सकाळची कुठं घेतली?" खाली बघत म्हणाला, "स्टँडमागं, क्वार्टर. लघवीला जातो म्हणून सटकलो. रोज रात्री पण भाऊ खिडकीतून द्यायचा. दादा, हिला नका सांगू."

डॉक्टरांना लगेच सांगितलं, त्यांनी पूर्ण डोस आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, चालू केलं. तिसऱ्या रात्री तो चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या वेचायला लागला, पण सिस्टर तयारीत होत्या, निभावलं.

पुढचं मात्र डोक्यातून जात नाही. माझी नोंद फाइलमध्ये गेली, आणि फॅमिली मीटिंगला काउन्सेलर मॅडमनी ती बायकोसमोर जशीच्या तशी वाचली. तिनं त्या तीन दिवसांसाठी मजुरी बुडवली होती, दाराशी बसून राहिली होती. ती उठून गेली. तो आता मेसमध्ये माझ्या पंगतीला बसत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे पेशंट येतात, गोपनीयतेचा हक्कही आहे. डॉक्टरांना कळणं त्याच्या जिवासाठी गरजेचं होतं, बायकोला कधी आणि कुणी सांगायचं हे त्याच्याशी बोलून ठरवता आलं असतं, कदाचित त्यानं स्वतःच सांगितलं असतं. पिअरची नोंद वेगळी ठेवा म्हणून अर्ज दिलाय. ऑफिसचं उत्तर आलं, फाइलच्या फॉरमॅटमध्ये तसा कॉलम नाही.