उलटी न झालेला कुत्रा

संध्याकाळची ओपीडी उरकत आली होती तेव्हा एक ताई कोकोला उचलून आत आल्या. कोको म्हणजे त्यांचं सहा महिन्यांचं पिल्लू, एरवी टेबलावर ठेवलं की स्टेथोस्कोपची नळी चावायला धावणारं, आज मान टाकून पडलेलं. दुपारपासून सारख्या उलट्या चालू होत्या, घरच्यांना वाटत होतं काहीतरी शिळंपाकं खाल्लं असेल, आणि खरं सांगायचं तर पिल्लांचं बहुतेक वेळा तेच असतं.

पण ताईंनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली होती, शेवटची उलटी डब्यात भरून आणली होती. "सॉरी हं डॉक्टर, घाण आहे" म्हणत संकोचत डबा पुढे केला. अहो सॉरी काय, दहा प्रश्न विचारून जे कळत नाही ते त्या डब्यात असतं. पिवळा फेस, आणि त्यात नारिंगी-लाल सालीचे चामड्यासारखे तुकडे. एक तुकडा चिमट्याने उचलून दिव्याखाली धरला तर त्यावर बारीक लव दिसली. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

"ताई, घरी सायकस आहे का, ते ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड?"

त्यांना नाव माहीत नव्हतं, फोनवर फोटो दाखवला तर लगेच म्हणाल्या, "हे होय, हे तर गेटपाशी कित्येक वर्षं आहे, यंदा मधोमध बिया पण आल्यात."

सायकसचं पान, खोड, मूळ सगळंच विषारी, पण सगळ्यात जास्त विष बियांत असतं. मादी झाडालाच बिया येतात, त्याही झाड बरंच जुनं झाल्यावर, त्यामुळे वर्षानुवर्षं काही त्रास न देणारं झाड अचानक एका सीझनला बिया टाकायला लागतं आणि घरच्यांना पत्ताही नसतो. एखाद-दुसरी बी पण कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. त्यातलं सायकासिन नावाचं विष आतड्यातल्या बॅक्टेरियांमुळे फुटतं आणि त्यातून जे तयार होतं ते थेट लिव्हरवर जातं.

कोकोला सलाईन लावता लावता मी विचारलं घरी अजून कोणी आहे का. "शेरू आहे ना, आमचा लॅब्रॅडॉर, नऊ वर्षांचा. पण तो एकदम ठणठणीत आहे, आत्ताच जेवला."

म्हणलं त्याला आत्ताच्या आत्ता घेऊन या.

"अहो पण त्याला काहीच झालं नाहीये."

मला भीती त्याचीच वाटत होती. कोकोने जे खाल्लं त्यातलं बरंचसं उलटीतून बाहेर पडलं होतं, शेरूने खाल्लं असेल तर ते सगळं अजून पोटातच. उलट्या कधी लगेच सुरू होतात कधी काही तासांनी, पण लिव्हर खराब झाल्याची लक्षणं दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोपर्यंत कुत्रा शेपूट हलवत फिरत असतो. लोक इथेच फसतात, आणि त्यांना तरी काय बोलणार, समोर धडधाकट कुत्रा दिसतोय तर कोण दवाखान्यात आणेल.

त्यांचे मिस्टर शेरूला घेऊन आले, तो नेहमीसारखा सगळ्यांना चाटत आत आला. उलटी व्हावी म्हणून इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात जेवणाबरोबर दोन अख्ख्या बिया बाहेर आल्या, वर चावलेल्या सालीचे तुकडे वेगळेच. ताई मटकन खुर्चीत बसल्या.

मग दोघांना पोटातलं विष शोषून घेणारा चारकोल पाजला, शेरूलाही सलाईन लावलं. त्या रात्रीचं दोघांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, नॉर्मल आलं. मिस्टर म्हणाले "मग घरी नेऊ का?" मी ठाम नाही म्हणलं, कारण पहिल्या दिवशीचा नॉर्मल रिपोर्ट या विषात काहीच सांगत नाही, तो परत परत काढावा लागतो. कोकोचा नॉर्मलच राहिला, तो लवकर सुटला. शेरूचा दुसऱ्या दिवशी वाढला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या हिरड्या उचलून बघितल्या तर पिवळसर झाक. रक्त गोठायला वेळ लागत होता म्हणून व्हिटॅमिन के, लिव्हरसाठी एन-ॲसिटिलसिस्टीन, साखर उतरू नये म्हणून डेक्स्ट्रोज. इलाज करूनही बरेच कुत्रे या विषाने जातात हे मी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं, खोटी आशा मला देता येत नाही. शेरू तगला. बियांचा मोठा भाग पोटातून वेळेत निघाला म्हणूनच, असं माझं मत.

दरम्यान ताईंनी घरातल्या सगळ्या कुंड्यांचे फोटो पाठवले, ह्यातलं काय काय काढू? मनीप्लांट आणि डिफेनबेकियात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, पण जीव सहसा जात नाही, उंचावर ठेवा म्हणलं. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब-उलट्या. पण कुंपणाची कण्हेर आणि मागे आपोआप उगवलेला एरंड मात्र काढायलाच लावला, कण्हेर हृदयाचे ठोके बिघडवते आणि एरंडाची बी चावून फोडली तर फार वाईट. नर्सरीत प्रत्येक झाडाला ऊन किती पाणी किती हे सांगतात, मग घरात कुत्रा आहे का एवढं विचारायला काय हरकत आहे, मला याचा खरंच राग येतो.

आणि कृपा करून घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, रक्तातलं सोडियम वाढून त्यानेच कुत्रा दगावू शकतो. दूध पाजून सायकसचं विष उतरत नाही. झाडाचा फोटो काढा, चावलेला तुकडा पिशवीत घ्या, किती वाजता खाल्लं ते आठवा आणि निघा, घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही सोबत घ्या.

सायकस त्यांनी ग्लोव्हज घालून मुळासकट काढला, खाली पडलेल्या बिया वेचून बंद पिशवीत भरल्या. शेरूचं एसजीपीटी अजून थोडं वरच आहे, लिव्हरच्या गोळ्या चालू आहेत, पुढच्या महिन्यात परत रक्त काढायचंय.