अँड्रोमेडाचा कातळ

ग्रीक पुराणकथेतल्या पर्सियस आणि अँड्रोमेडाचं तैलचित्र करताना पंखांच्या चपला आणि समुद्रातला राक्षस यांवरच बरेचजण दिवस घालवतात आणि मागचा खडक शेवटी काळ्या रंगाने भरून टाकतात. माझ्या मते सुरुवात खडकापासून करावी. कॅसिओपिया राणीने रूपाची बढाई मारली, समुद्रदेव पोसायडन कोपला आणि तिच्या मुलीला, अँड्रोमेडाला, राक्षसासाठी ज्याला साखळ्यांनी बांधलं, तो हा खडक. पर्सियस तिला इथूनच सोडवतो.

ओहोटीला हरिहरेश्वरचा कातळ नीट बघा. खाली ओला, काळाभोर, चकचकीत. मध्ये कालवांचा खरखरीत पांढुरका पट्टा. वर सुकलेला राखाडी. अँड्रोमेडाची पावलं त्या पट्ट्यावर ठेवा. पाणी कुठवर चढणार ते बघणाऱ्याला आपोआप कळतं. समुद्र पश्चिमेला आणि तिचं तोंड समुद्राकडे, म्हणून सकाळी चेहरा सावलीत जातो. दुपारी चारनंतरचा उजेड घ्या.

खडकाला आयव्हरी ब्लॅक तळाशी लावू नका. त्यात तेल जास्त, सुकतो सावकाश, आणि वरचा थर आधी सुकला की भेगा पडतात. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळून गडद करा. अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर सुकतो. पहिला थर फक्त टर्पेंटाइनमध्ये, दुसऱ्याला एक भाग जवसाचं तेल आणि दोन भाग टर्पेंटाइन, शेवटच्याला दोन्ही समसमान.

रोमन कवी ओव्हिडच्या कथेत पर्सियसला ती आधी संगमरवरी मूर्तीच वाटते. वाऱ्याने हलणारे केस आणि डोळ्यांतलं पाणी दिसल्यावर उलगडा होतो. म्हणून अंगकांती फिकट, थंड ठेवा: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, लाइट रेड नखभर, सावलीत टेर व्हर्ट हा मातकट हिरवा. झिंक व्हाइट नको, त्याचा थर पुढे ठिसूळ होतो. व्हेनिसचा चित्रकार टिशियन याने 1554-56 मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी हाच प्रसंग रंगवला. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधल्या त्या चित्रात गडद कातळापुढचं उजळ शरीर डावीकडे आहे आणि पर्सियस आभाळातून डोकं खाली करून झेपावतो. शुद्ध लाल मात्र खडकाच्या पायथ्याशी राखून ठेवा: जिच्या नजरेने दगड होतो त्या मेडुसाचं, पर्सियसने कापून आणलेलं शिर टेकवलं तिथलं समुद्रशेवाळ पोवळं झालं, असं ओव्हिड सांगतो.

आता आपल्या हवेचं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, आणि पावसाळ्यात तेही रेंगाळतं. कापडाला अस्तर म्हणून लावतात तो सरस दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो, वरचा रंग तडकतो. त्याऐवजी कापडाला दोन्ही बाजूंनी अ‍ॅक्रिलिकचा हात द्या, पुढून जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या लेपाचे, तीन थर. मोठ्या चित्राला मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारं प्लायवुड, उत्तम. भिंतीला टेकवून ठेवलं तर मागून बुरशी धरते. मध्ये दोन बोटं फट हवी. अंधाऱ्या खोलीत ठेवलं तर तेल पिवळं पडतं.

काम दसऱ्यानंतर काढा. व्हार्निशला निदान सहा महिने थांबा आणि ते एप्रिल-मे महिन्यात, कोरड्या दुपारी लावा. जुलैत लावलं तर ओल अडकून पांढुरकी साय येते, आणि ती सगळ्यात आधी त्या गडद कातळावर दिसते.