अम्मा वच्चिंदि, बस्सु वच्चिंदि

संक्रांत होऊन आठवडा झाला होता, पण होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, मुलांच्या डोक्यातून उतरला नव्हता. म्हणून आठवीला तोच विषय दिला. गड्ड्यातला एक दिवस, दहा वाक्यं, इंग्रजीत.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. खिडक्या उघडल्या की यंत्रमागांची खडखड थेट फळ्यापर्यंत येते. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं तेलुगू घरांतली, काही कन्नड, उरलेली मराठी.

तिसऱ्या बाकावरच्या मुलानं लिहिलं होतं, 'माय मदर बॉट बँगल्स. इट वॉज हॅपी.' आई झाली 'इट'! जूनपासून मी या एकाच चुकीभोवती लाल गोल काढत होते.

त्या वर्षी एका प्रशिक्षणातून मी प्रश्नावली आणली होती. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीवर बेतलेली. पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे, करून शिकणारे. हा मुलगा 'पाहून'मध्ये बसला. मग त्याच्यासाठी रात्री जागून चित्रांची कार्डं केली: बाई, माणूस, टेबल. कार्ड दाखवलं की तो बरोबर सांगायचा, वहीत पुन्हा 'इट'.

त्या दिवशी मी त्याच्याशेजारी बाकावर जाऊन बसले. लिहिण्याआधी तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता.

"काय म्हणतोयस रे?"

तो दचकला. इंग्रजीच्या तासाला दुसरी भाषा नाही, हा नियम माझाच होता. "कायनाय मॅडम."

"रागवत नाही. मोठ्यानं म्हण."

"अम्मा वच्चिंदि," तो म्हणाला. आई आली.

"आणि बस आली?"

"बस्सु वच्चिंदि."

"वडील आले?"

"नान्ना वच्चाडु."

तिन्ही वाक्यं मी देवनागरीत फळ्यावर लिहिली आणि बघतच राहिले. आईला आणि बसला क्रियापद एकच! तेलुगूत एकवचनी पुरुषाचं रूप वेगळं असतं. बाई, जनावर, वस्तू यांना एकच रूप चालतं. पोरगा आईला वस्तू म्हणत नव्हता, घरच्या व्याकरणाशी प्रामाणिक राहून इंग्रजी लिहीत होता. इतकी वर्षं या भागात शिकवून मला हे कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं, याची फार लाज वाटली.

मागच्या बाकावरच्या कन्नड मुलीनं न विचारता हात वर केला. "मॅडम, आमच्यात अव्वा बंदळु, बस बंतु." त्यांच्यात बाई वेगळी, वस्तू वेगळी. मराठी मुलं म्हणाली, आई आली, बस आली. आमच्याकडे बससुद्धा बाईच! 'द बस इज लेट, शी विल कम' असं लिहिणारी मुलं कोणत्या घरांतली, ते तेव्हा उलगडलं.

मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून सगळ्या वह्या काढल्या आणि प्रश्नावलीच्या गटांप्रमाणे चार गठ्ठे लावले. चुका चारही गठ्ठ्यांत विखुरलेल्या. मग घरच्या भाषेप्रमाणे तीन गठ्ठे केले. आईला 'इट' म्हणणारे सगळे तेलुगू गठ्ठ्यात, बसला 'शी' म्हणणारे जवळजवळ सगळे मराठी. कन्नड गठ्ठ्यात यातली एकही चूक नाही.

पुढे वाचताना कळलं, २००८ साली चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन तपासलं होतं. मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवलं की तो जास्त शिकतो, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. चित्रं, गाणी, कृती वर्गात हव्यातच, पण त्या सगळ्यांसाठी. 'तू पाहून शिकणारा' असा शिक्का मारून मी त्या मुलाला ऐकायचंच सोडून दिलं होतं. खरं तर त्याला फक्त कुणीतरी ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर तीन भाषांचे तीन रकाने आखले आणि चौथा इंग्रजीचा. पहिले तीन मुलांनीच भरले, मी फक्त खडू पुढे करत होते. तिसऱ्या बाकावरचा मुलगा दोनदा उठून आला. तास संपता संपता त्यानं विचारलं, "मॅडम, घरी लहान बाळ आहे. त्याला काय म्हणायचं?"

"भाऊ की बहीण?"

"बहीण."

"मग शी."

त्यानं वहीत आधी लिहिलेलं 'इट' खोडलं.