एवढंच सांगणारा पडदा

मुद्रितशोधन करताना मला एक जुनी सवय आहे. काम मध्येच थांबवावं लागलं की जिथे थांबले त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने एक टिंब ठेवते. परत आलं की टिंब शोधायचं आणि पुढे सुरू करायचं. गेल्या वर्षी एका पुस्तकात माझ्या नजरेतून सुटलेल्या चुका लेखकाने दाखवून दिल्या. फार वाईट वाटलं. माझं प्रुफ परत काढून पाहिलं, तर त्यातल्या बऱ्याचशा चुका कुठल्या ना कुठल्या टिंबाच्या खालच्या दोन-चार ओळींतच होत्या. म्हणजे मी कामावर परत आले होते, पण पूर्ण आले नव्हते.

आणि टिंबं तरी किती! एका पानावर तीन, दुसऱ्यावर पाच. दारावरची बेल काही एवढ्या वेळा वाजत नाही. ती फोनची टिंबं होती.

उपाय शोधण्याआधी एक आठवडा मी नुसतं मोजलं. एका कोऱ्या कार्डावर पाच रकाने आखले: किती वाजले, पुढची मीटिंग कधी, आज वार-तारीख काय, कुणाचा निरोप, उगाच. फोन उचलला की त्या रकान्यात रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. 'उगाच'चा रकाना सगळ्यात भरेल असं वाटलं होतं, पण तो तिसरा आला. त्याच्या वर होते 'किती वाजले' आणि 'पुढची मीटिंग कधी'. सुरुवात रास्त कारणाने व्हायची, शेवट मात्र उगाच. वेळ बघायला फोन उचलायचा, तीन नोटिफिकेशन दिसायची, त्यातलं एखादं उघडायचं, आणि पंधरा मिनिटांनी फोन खाली ठेवताना किती वाजले ते सांगता यायचं नाही. वेळ पाहायची राहूनच गेलेली असायची.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाहिला. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी मीटिंगची वेळ बघायला उठले आणि तिथेच उभी राहिले. कागदाची डायरी आहेच, पण माझ्या मीटिंगा दुसरे लोक पुढे-मागे करतात, ते डायरीला कसं कळणार? लॅपटॉपवर कॅलेंडर उघडावं तर शेजारीच मेल. मला हवी होती अशी एक वस्तू जी या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं देईल, जिच्यावर बोट ठेवून पुढे कुठेही जाता येणार नाही, आणि जी स्वतःहून मला हाक मारणार नाही.

भाच्याला सांगितलं. तो इलेक्ट्रॉनिक्समधला. म्हणाला, "मावशी, ई-इंकचा पडदा लाव. ई-बुक रीडरला असतो तोच."

तो पडदा कसा चालतो हे समजल्यावर मी त्याच्या प्रेमातच पडले. काचेमागे अतिसूक्ष्म कुप्यांचा थर असतो, एकेक कुपी साधारण केसाच्या जाडीएवढी. कुपीत पारदर्शक द्रव, आणि त्यात पांढरे आणि काळे कण, एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभाराचे. व्होल्टेज दिलं की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे तळाला जातात. मग वीज काढून घेतली तरी कण जागच्या जागी राहतात. चित्र धरून ठेवायला वीज लागत नाही, फक्त बदलायला लागते. आणि पडदा स्वतः उजेड फेकत नाही, टेबलावरच्या दिव्याचाच उजेड परत पाठवतो, छापील कागदासारखा. हा पडदा बनवणारी ई-इंक कंपनी १९९७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून निघाली. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, अ‍ॅमेझॉनचा किंडल हा ई-बुक रीडर आला आणि घरोघरी लोकांनी हा पडदा पाहिला.

असे टेबलावर ठेवायचे डिस्प्ले तयारही मिळतात. पण त्यावर काय दिसावं हे मला अगदी बारकाईने ठरवायचं होतं, म्हणून आम्ही सुटे भाग घेतले: साडेसात इंचांचा काळा-पांढरा पडदा, ८०० बाय ४८० पिक्सेलचा, पडदा चालवायला वायफाय असलेला ईएसपी-३२ नावाच्या चिपचा छोटा बोर्ड, एक बॅटरी आणि लाकडी फोटोफ्रेम. प्रत्येक पिक्सेल एकतर काळा नाहीतर पांढरा, म्हणजे एक बिट. संपूर्ण पडद्याचं चित्र ४८,००० बाइटांत मावतं. पहिला पडदा फ्रेममध्ये बसवताना माझ्या हातून गेला. काचेच्या कडेला जिथे रिबन केबल चिकटलेली असते, तिथेच मी ती दुमडली. उभ्या पट्ट्यांत अक्षरं गायब झाली ती परत आली नाहीत. दुसऱ्या वेळी केबलमागे पुठ्ठ्याची पट्टी लावून तिला आधार दिला.

अक्षरांवरून मात्र मी अडून बसले. भाच्याने पहिल्यांदा मजकूर दाखवला तेव्हा पडद्यावर 'शनिवार'ची वेलांटी 'न'च्या आधी यायची ती 'व'च्या आधी जाऊन बसली होती, आणि 'शुक्रवार'मधला 'क्र' फुटून पाय मोडका 'क्' आणि वेगळा 'र' झाला होता. दिवसभर वेलांट्या तपासणाऱ्या बाईच्या समोर हे! कारण सरळ आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवलेली असते, पण डोळ्यांना आधी दिसावी लागते. जोडाक्षरंही तशीच, साठवताना सुटी, दाखवताना जोडून. ही जुळवाजुळव करणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो, आणि बोर्डावरच्या छोट्या ग्राफिक्स लायब्ररीत तो नव्हता. ती एकामागून एक आकार ठेवत जाते, बस.

मग वाट बदलली. घरातला जुना लॅपटॉप पूर्ण चित्र तयार करतो, बोर्ड फक्त ते चित्र आणून पडद्यावर ठेवतो. चित्रासाठी पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली पिलो ही तयार लायब्ररी वापरली. तिच्यात राक्म नावाचा भाग जोडलेला असेल तरच देवनागरी नीट जुळते, नाहीतर तिथेही वेलांटी भरकटते. त्यानंतर शिरोरेषा तुटायला लागली. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून जो करडा रंग भरला जातो, त्याचे काळ्या-पांढऱ्यात ठिपके होत होते. ठिपके करायचे नाहीत, ठरावीक करड्याच्या पुढचं सगळं काळं आणि अलीकडचं पांढरं, असं केलं. मुक्ता फाँटचं ठळक वजन घेतलं, अक्षर मोठं केलं. ज्या संध्याकाळी 'शुक्रवार' अखंड शिरोरेषेखाली उमटला, त्या संध्याकाळी मी काम बाजूला ठेवून नुसती बघत बसले.

आता खरी चूक. पडदा हाताशी आल्यावर मी तो भरला. वार, तारीख, घड्याळ, दिवसभराच्या मीटिंगा, उद्याच्या मीटिंगा, हवामान, एक सुविचार, न वाचलेल्या मेलचा आकडा. तीन-तीन मिनिटांनी सगळं ताजं. आठवड्याने परत कार्डावर रेघा ओढल्या, तर फोन फक्त थोडा कमी झाला होता. आणि समासातली टिंबं? तेवढीच.

आधी मला काही उमगेना. मग एका दुपारी मी ओळीवर बोट ठेवून वाचत होते आणि डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं. मान आपोआप वळली. पडदा बदलत होता. ई-इंकचं पूर्ण रिफ्रेश म्हणजे सगळा पडदा काळा, पांढरा, पुन्हा काळा असा चमकतो आणि मग अक्षरं वर येतात. माझ्या पडद्याला त्याला चार-पाच सेकंद लागतात. आपली नजर समोर बारकावे टिपते, पण कडेला हालचाल टिपते. मी त्या कडेलाच दर तीन मिनिटांनी एक हालचाल आणून ठेवली होती. चमक टाळायला अर्धवट रिफ्रेश वापरून पाहिलं, पण मग मागच्या मजकुराची सावली उरते. जुन्या मीटिंगची पुसट अक्षरं नव्या मीटिंगखाली दिसायला लागली, आणि ती मला जास्तच खुपली.

मेलच्या आकड्याचं तर विचारूच नका. सात होते, नऊ झाले. ते दोन कुणाचे? मी मेल उघडायचे नाही, पण त्या दोघांचा विचार करत पुढचा परिच्छेद वाचायचे. २००९ साली सोफी लेरॉय या संशोधिकेने यावर लिहिलं आहे: एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो आणि दुसरं काम कमी चांगलं होतं. तिने त्याला 'अटेन्शन रेसिड्यू' म्हटलं. टिंबाखालच्या माझ्या दोन-चार ओळी म्हणजे तेच.

भाचा व्हिडिओ कॉलवर पडदा पाहून म्हणाला, "मावशी, तू तर दुसरा फोनच करून ठेवलास." मग त्याने मला एका दोरीची गोष्ट सांगितली. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात मार्क वाइझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी १९९५ मध्ये शांत तंत्रज्ञानाची कल्पना मांडली. तिथेच नताली जेरेमायन्को या कलावतीने छताला एक छोटी मोटर लावून तिला ८ फूट लांब प्लॅस्टिकची दोरी टांगली होती. मोटर इमारतीतले संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटच्या केबलला जोडलेली. माहिती वाहिली की दोरीला बारीकसा झटका बसायचा. नेटवर्कवर गर्दी झाली की दोरी गरगर फिरायची आणि तिचा आवाज यायचा, शांतता असली की मधूनच एखादी थरथर. बघायची तर बघा, नाहीतर ती आपली कोपऱ्यात. मला त्यात हे पटलं की वस्तू आपल्या लक्षाच्या कडेला राहू शकली पाहिजे, आणि मध्यभागी कधी आणायची ते आपण ठरवायचं. माझा पडदा दिसायला शांत होता, वागायला नव्हता.

एका रविवारी सगळं पुसलं. मेलचा आकडा पहिला गेला. सुविचार, हवामान, उद्याच्या मीटिंगा गेल्या. घड्याळही गेलं, कारण ई-इंकवर मिनिटं दाखवणं त्या पडद्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. माहितीपत्रकातच दोन रिफ्रेशमध्ये किमान १८० सेकंद ठेवा असं लिहिलेलं असतं. त्याऐवजी टेबलावर टकटक न करणारं काट्यांचं साधं घड्याळ आणलं. पडद्यावर उरल्या तीन ओळी: वार आणि तारीख, पुढची ठरलेली मीटिंग, एकच, आणि आज हातात असलेल्या प्रुफाची पानं, कुठून कुठवर. दिवसातून चारदाच बदल. त्याहून आयत्या वेळी काही बदललं तर लोक फोन करतात, आणि फोन वाजलेला मला दुसऱ्या खोलीतूनही ऐकू येतो.

एक मोठा घोटाळा मात्र यानंतर झाला. एका बुधवारी पडद्यावर लिहिलं होतं की पुढची मीटिंग दुपारी चारला. मी निवांत वाचत बसले. अकरा वाजून गेल्यावर फोन वाजला. चार जण माझी वाट बघत खोळंबले होते. पडद्याकडे नीट पाहिलं तर वर 'मंगळवार'. बॅटरी रात्रीच संपली होती, आणि चित्र धरायला वीज लागत नाही हा ज्याचा गुण, तो मेल्यावरही जिवंत दिसतो. फोनचा पडदा काळा होतो, लॅपटॉपचा होतो, हा कालचं सांगत शांत उभा राहतो. मी सगळ्यांची मनापासून माफी मागितली. बॅटरी एवढ्या लवकर का संपली तेही शोधलं: झोपलेली असताना ईएसपी-३२ची चिप अगदी नगण्य वीज घेते, पण आमच्या बोर्डावरचा लाल दिवा आणि व्होल्टेज रेग्युलेटर रात्रंदिवस चालू होते. कमी वीज खाणारा बोर्ड घेतला, आता चार्जिंगची आठवण महिनोन्महिने येत नाही. शिवाय उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन गोष्टी आल्या: शेवटचा बदल किती वाजता झाला, आणि बॅटरी उतरली की 'चार्ज करा'. असा डिस्प्ले कुणी करणार असेल तर ही वेळ पहिल्या दिवसापासून छापा, एवढी कळकळीची विनंती.

'कुणाचा निरोप' या रकान्याचं या पडद्याने काही केलं नाही, करणारही नव्हता. निरोप मी दुपारी एकदा आणि काम संपल्यावर एकदा बघते. घरच्यांना सांगून ठेवलंय, घाईचं असेल तर सरळ फोन करा. कार्डावर 'उगाच'च्याच रेघा सगळ्यात जास्त निघाल्या असत्या, तर हा सगळा खटाटोप मी केला नसता. त्या रकान्याला पडदा लागू पडत नाही. माझ्या बाबतीत वरचे दोन रकाने जवळजवळ कोरे झाले, आणि त्यांच्या दारातून आत शिरणारं 'उगाच'ही बरंच आटलं. एखाददुसऱ्या दिवशी फोन अजून टेबलावर येतोच. त्या दिवशीची पानं ओळखू येतात.

काल पुस्तकाचा सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गट, वाचून संपवला. पाठवण्याआधी समास चाळले. दोन टिंबं होती. एक दारावरच्या बेलचं, दुसरं दिवे गेले तेव्हाचं. अंधार पडला तरी काचेवर 'पाने ४९ ते ६४' तसंच होतं, दिसत मात्र नव्हतं. दिवे आल्यावर मी टिंबाच्या दोन ओळी वरून परत वाचायला घेतलं.